प्लॅस्टरआडचे काम आणि कारागिराची पत
डहाणू-तलासरीच्या भिंतींत दडलेले पाइप आणि वायरी कशा जपाव्यात?

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत घर बांधण्याची रीत झपाट्याने बदलत आहे. कुडाच्या भिंती आणि कौलारू छपरे मागे पडून विटांची, ब्लॉकची आणि स्लॅबची घरे उभी राहत आहेत. २०१३ साली चर्चगेटहून येणारी लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि स्टेशनच्या आसपास इमारतींचे काम वाढले. तलासरीकडे उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत नोकरी करणारी कुटुंबे पक्की घरे बांधू लागली. या सर्व घरांत मालकाची एक मागणी ठरलेली असते: 'मिस्त्री, वायर आणि पाइप बाहेर दिसता कामा नये. सगळे कन्सील पाहिजे.'

ही मागणी आमच्या वायरमन, प्लंबर, गवंडी, सुतार आणि हार्डवेअर दुकानदार बांधवांना काम देते. तशी ती जबाबदारीही देते. उघडी पट्टी फिटिंग चुकली तर डोळ्यांना दिसते. भिंतीत पुरलेली चूक मात्र प्लॅस्टर, पुट्टी आणि रंगाखाली झाकली जाते आणि पाच-सात वर्षांनी ओल म्हणून किंवा शॉक म्हणून बाहेर येते. तोपर्यंत बिल चुकते झालेले असते आणि कारागीर दुसऱ्या गावी कामावर असतो. पण नाव त्याचेच निघते. म्हणून या कामाचा हिशेब आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

या मुलखाची वेगळी अडचण

दडलेल्या लाइनींची काळजी सगळीकडेच घ्यावी लागते. डहाणू-तलासरीत ती दुप्पट घ्यावी लागते, याचे कारण पायाखालची जमीन. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि तलासरीच्या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. २०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चारच्या पुढच्या तीव्रतेचे धक्के बसले. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी घराबाहेर पळताना पडून एका चिमुकल्या मुलीचा जीव गेला. कित्येक कुटुंबांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने येथे उपकरणे बसवली आणि लहान-मोठे हजारो धक्के नोंदले गेले. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत खोलवर मुरल्याने हे धक्के बसत असावेत, असे कारण शास्त्रज्ञांनी मांडले आहे.

भूकंपाच्या सरकारी नकाशात, म्हणजे आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत, हा भाग तिसऱ्या विभागात धरलेला आहे. चार तीव्रतेच्या एका धक्क्याने चांगले बांधलेले घर पडत नाही. परंतु वारंवार हादरणारी भिंत आपली कमजोर जागा शोधून काढते आणि तेथूनच उकलते. मग भिंतीची कमजोर जागा कोणती? अनेकदा ती आम्हीच तयार केलेली असते. वायरसाठी किंवा पाइपसाठी मारलेली झिरी, हीच ती जागा. झिरी मारणे म्हणजे भिंतीची जाडी तेवढ्या रेषेत कमी करणे होय. ती कोठे, किती खोल आणि किती लांब मारली यावर दोन गोष्टी ठरतात. धक्क्यात भिंत टिकेल का, आणि आतली लाइन टिकेल का.

झिरीचे माप : मानक काय सांगते?

विटांच्या भिंतींसाठी भारतीय मानक संस्थेचे आयएस १९०५ हे १९८७ चे मानक आहे. त्यात भिंतीतील झिऱ्यांविषयी स्पष्ट मापे दिली आहेत. आमच्या कारागीर बांधवांना ती तोंडपाठ असावीत, म्हणून येथे सोप्या शब्दांत देत आहोत. ही मापे वजन पेलणाऱ्या भिंतींची आहेत, म्हणजे ज्या भिंतीवर स्लॅब किंवा छपराचा भार थेट येतो तिची.

उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको. आडवी झिरी एक षष्ठांशाहून खोल नको. नऊ इंची भिंतीत याचा अर्थ उभी झिरी जास्तीत जास्त तीन इंच आणि आडवी जास्तीत जास्त दीड इंच.

एकाच भिंतीत दोन उभ्या झिऱ्यांमध्ये निदान दोन मीटर अंतर हवे. दार-खिडकीच्या कडेपासून ३४५ मिलिमीटर, म्हणजे साधारण पावणेचौदा इंच, आणि आधार देणाऱ्या आडभिंतीच्या सांध्यापासून २३० मिलिमीटर, म्हणजे नऊ इंच, इतक्या आत उभी झिरी घेऊ नये.

आडवी झिरी शक्यतो नकोच. टाळता येत नसेल तर ती एक मीटरहून लांब नको आणि ६० मिलिमीटरहून रुंद नको.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वजन पेलणारी भिंत साडेचार इंची असेल तर तिच्यात झिरी मारायचीच नाही. तेथे दडलेली लाइन हा विषयच संपला.

आता आपण रोज काय करतो ते पाहा. स्विचबोर्ड दाराच्या चौकटीला लागून घेतो, कारण हात तेथे सहज जातो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यासाठी कमरेच्या उंचीवर सरळ आडवी झिरी भिंतभर मारतो. पाइप वाचावा म्हणून कधी तिरपी झिरीही मारतो. शेजारच्या खोलीतील बोर्डासाठी त्याच जागी भिंतीच्या मागच्या बाजूनेही खोदतो. अशाने नऊ इंची भिंत त्या रेषेत पाच-सहा इंचांची उरते. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी भूकंपाची तिरपी भेग नेमकी अशाच रेषेला येऊन मिळते.

उभी झिरी का बरी? इंचांचा हिशेब

मालक घरात राहायला आला की भिंतीला भोके पडू लागतात. पडद्याचा रॉड, भांड्यांची मांडणी, टीव्हीचा स्टँड, गीझर, कपाट. एका गिट्टीसाठी ड्रिल साधारण दीड ते दोन इंच आत जाते. म्हणजे पाइप भिंतीच्या तोंडापासून दोन इंचांच्या आत असेल तर तो ड्रिलच्या टप्प्यात आहे.

आता हिशेब करू. एक इंची पाइप आडव्या झिरीत टाकला. झिरीची खोली मर्यादेप्रमाणे दीड इंच. पाइपवर भर उरली अर्धा इंच. वर अर्धा इंच प्लॅस्टर. एकूण झाकण एक इंच. ड्रिलचे टोक दोन इंच जाणार आणि पाइप एका इंचावर बसलेला. तो फुटणारच.

तोच पाइप उभ्या झिरीत टाकला. नऊ इंची भिंतीत तीन इंचांपर्यंत मुभा आहे, पण आपण अडीच इंचच खोदू. पाइप एक इंच, वर भर दीड इंच, प्लॅस्टर अर्धा इंच. एकूण झाकण दोन इंच. साध्या गिट्टीचे भोक तेथपर्यंत पोहोचत नाही.

यातून निघणारा नियम छोटा आहे. लाइन उभी घ्या आणि खोल घ्या. आडवे अंतर कापायचे असेल तर ते भिंतीतून न कापता स्लॅबमधून, माळ्यावरून किंवा जोत्याजवळून फरशीखालून कापा. भिंतीची ताकद आणि पाइपची सुरक्षितता या दोन्हींचे उत्तर येथे एकच येते. दोन कोपर आणि चार फूट पाइप जास्त लागेल. त्याचा खर्च बाथरूमच्या फरशा फोडण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

पट्ट्याला हात लावू नका

सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. त्यानंतर महाराष्ट्रभर गवंड्यांना एक गोष्ट शिकवली गेली. विटांच्या घराला जोत्याच्या, लिंटेलच्या आणि छपराच्या उंचीवर सळईचा आरसीसी पट्टा घाला. टोपलीला जशी कड, तसा घराला पट्टा. हादऱ्यात चारही भिंती तो एकत्र धरून ठेवतो.

दुर्दैवाने हाच पट्टा उभ्या लाइनीच्या वाटेत येतो. वायरमन येतो, छिन्नी-हातोडा घेतो, पट्ट्याचे काँक्रीट फोडतो आणि सळई आड आली तर तीही कापतो. एका पाइपसाठी साऱ्या घराची बांधणी सुटते. यावर उपाय आधीच करावा लागतो. पट्टा भरण्यापूर्वी वायरमन आणि प्लंबर यांना बोलवावे आणि पाइप जाणार तेथे एक-दोन नंबर मोठ्या पाइपचा तुकडा उभा ठेवून काँक्रीट भरावे. याला स्लीव्ह म्हणतात. पुढे लाइन स्लीव्हमधून जाते, सळई अखंड राहते आणि धक्क्यात पाइपला हलायला थोडी जागाही मिळते.

स्लॅब-कॉलमच्या घरात आणखी एक जागा सांभाळावी लागते. काँक्रीटचा कॉलम आणि विटांची भिंत हादऱ्यात वेगवेगळ्या हलतात. त्यांच्या सांध्यावर उभी भेग पडते आणि सांधा ओलांडून गेलेला कडक पाइप तेथेच तुटतो. वायरिंगसाठी अशा जागी फ्लेक्सिबल पाइपचा तुकडा घालावा आणि आत वायर किंचित सैल ठेवावी. पाण्याची लाइन असा सांधा शक्यतो ओलांडूच नये. ओलांडावीच लागली तर स्लीव्हमधून न्यावी आणि जोड सांध्यावर येऊ देऊ नये.

झिरी बुजवण्याआधी

झिरी कापताना कटरने दोन समांतर रेषा मारून मधला भाग हलक्या हाताने काढावा. घणाचे घाव घातल्याने आजूबाजूच्या विटा सैल होतात. कटरची धूळ फुप्फुसांना घातक आहे. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही, चांगला मास्क वापरावा आणि जमेल तेथे पाणी मारून कापावे. मात्र साध्या विजेच्या मशीनवर पाणी उडू देऊ नये.

पाण्याच्या लाइनीची चाचणी ही आमच्याकडे सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. टाकी भरली, नळ सोडला, गळत नाही, म्हणून प्लॅस्टर केले. परंतु टाकी नळापासून चार मीटर उंच असेल तर दाब चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहूनही कमी भरतो. कच्चा जोड इतक्या दाबाला उघडा पडत नाही. पुढे मालकाने प्रेशर पंप बसवला की तोच जोड सुटतो. म्हणून हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काही तास काटा पाहावा आणि मालकालाही दाखवावा. सीपीव्हीसीचे सोल्युशन सुकायला कंपनी जो वेळ सांगते तो पाळूनच दाब द्यावा.

किनाऱ्याजवळच्या गावांत, म्हणजे डहाणू, चिंचणी, बोर्डी, घोलवड या पट्ट्यात, खाऱ्या हवेचा विचार करावा. भिंतीत पुरलेला जीआय पाइप ओल आणि मीठ यांनी बाहेरून गंजतो. जुन्या घरात असा पाइप राहणारच असेल तर त्याला डांबरी टेप गुंडाळल्याशिवाय बुजवू नये. समुद्राची वाळू तर झिरीत भरूच नये.

वायरिंगमध्ये आयएसआय खुणेचा कन्ड्युट पाइप वापरावा. जोडाला सोल्युशन लावावे आणि वायरचा जोड पाइपच्या आत कधीही करू नये. जोड बॉक्समध्येच हवा. वायर ओढून झाल्यावर, उपकरणे जोडण्यापूर्वी, ५०० व्होल्टच्या मेगरने तपासावे. किमान एक मेगओम रीडिंग आले पाहिजे. पाण्याची आणि विजेची लाइन एकाच झिरीत नको. एकमेकींना ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडावे आणि वीज वर, पाणी खाली ठेवावे.

झिरी एकास तीन सिमेंट-वाळूने दाबून भरावी. वर दोन्ही बाजूंना चार-चार इंच जाईल अशी जाळी ठोकावी आणि मगच प्लॅस्टर करावे. जाळीमुळे झिरीच्या रेषेत केसासारखी भेग पडत नाही.

पोलादी पट्टी : वर्कशॉपसाठी एक धंदा

अमेरिकेत घरांच्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्याच्या असतात. तेथील वीज नियमांत अशी तरतूद आहे की वायर लाकडाच्या तोंडापासून सव्वा इंचाच्या आत येत असेल तर वर सोळांश इंच जाडीची पोलादी पट्टी ठोकावी, म्हणजे खिळा किंवा स्क्रू तेथे अडतो. ब्रिटनचे नियम सांगतात की पन्नास मिलिमीटरच्या आत असलेली वायर बोर्डापासून सरळ उभी किंवा सरळ आडवी, किंवा भिंतीच्या वरच्या कडेच्या व कोपऱ्याच्या १५० मिलिमीटर पट्ट्यातूनच न्यावी, म्हणजे कोणालाही बोर्ड पाहून वायरचा अंदाज येतो. आमच्या वजन पेलणाऱ्या विटांच्या भिंतीत कोपऱ्यालगत झिरी मारणे बरे नाही, हे वर सांगितलेच. घ्यायचे ते तत्त्व. वायर अशा वाटेने न्यावी की अनोळखी माणसालाही ती ओळखता यावी.

पोलादी पट्टीची युक्ती मात्र आपणही वापरू शकतो. साडेचार इंची पार्टिशनची भिंत, किंवा जेथे आडवी लाइन टळतच नाही अशी जागा, तेथे झाकण एक इंचच मिळते. अशा ठिकाणी सोळा गेजच्या, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीच्या, जस्ताच्या पत्र्याची दोन-अडीच इंच रुंद पट्टी पाइपवर बसवून मग प्लॅस्टर करावे. हातोडी ड्रिल जोर लावल्यास पट्टीतूनही जाईल, हे खरे. पण पोलाद लागताच आवाज बदलतो, हात थांबतो आणि कारागीर सावध होतो. डहाणू, कासा, तलासरी येथील फॅब्रिकेशनची वर्कशॉपे उरलेल्या पत्र्यातून अशा पट्ट्या कापून, भोके पाडून हार्डवेअरच्या दुकानांना देऊ शकतात. काळा पत्रा वापरू नये. तो गंजून प्लॅस्टरवर डाग आणतो.

दुकानदार बांधवांनी आणखी एक वस्तू प्रत्येक गिऱ्हाइकाला आवर्जून सुचवावी. ती म्हणजे तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. खिळा फक्त फेजच्या वायरला टेकला तर एमसीबी पडत नाही. खिळा जिवंत होऊन बसतो आणि त्यावर फ्रेम लावणारा हात सापडतो. भिंत ओली असेल तर भिंतच जिवंत होते. अशा वेळी वीज जमिनीकडे किंवा माणसाच्या अंगातून वाहू लागताच आरसीसीबी क्षणार्धात लाइन तोडतो. मात्र अर्थिंग चांगले असेल तर माणसाचा हात लागेपर्यंत थांबावे लागत नाही. जुन्या घरात पाण्याच्या जीआय पाइपलाच अर्थिंग जोडलेले आढळते. मध्ये प्लॅस्टिकच्या पाइपचा एक तुकडा बदलला की ते अर्थिंग संपले. त्यावर विसंबू नये.

कुडाची भिंत आणि वजूखाना

दोन ठिकाणी वेगळा विचार हवा. पहिले, आदिवासी पाड्यांवरील कुडाच्या आणि मातीच्या भिंती. या भिंती हलक्या असतात आणि धक्क्यात तग धरतात. त्यांत काहीही पुरू नये. लाकडी खांबांवर उघडी कन्ड्युट फिटिंग सुबक करून द्यावी. उघडी फिटिंग म्हणजे गरिबाची फिटिंग, हा समज कारागिरांनीच काढून टाकायला हवा. उघड्या लाइनीत बिघाड दिसतो आणि दुरुस्ती स्वस्त पडते.

दुसरे, मशिदीतील वजूखाना. येथे नळांची ओळ दहा-पंधरा फूट लांब असते आणि प्रत्येक नळाला एकाच आडव्या लाइनीतून पाणी जाते. ती लाइन मशिदीच्या मूळ भिंतीत पुरणे म्हणजे तीन-चार मीटरची आडवी झिरी मारणे होय, आणि भिंत कायम ओली राहणे होय. त्याऐवजी मूळ भिंतीपुढे कमरेइतकी वेगळी बुटकी भिंत बांधून लाइन तिच्यात घ्यावी आणि वरचे झाकण काढता येईल असे ठेवावे. पंखे आणि माइकची वायरिंग या बाजूला आणूच नये. जमातीचे काम अनेकदा सवाबाच्या नियतीने विनामोबदला केले जाते. म्हणून चाचणी वगळायची, असे मात्र होऊ नये.

भिंतीची वही

आता या लेखातील सर्वांत स्वस्त उपाय. प्लॅस्टर होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढावा. फोटोत टेप धरावी, एकदा कोपऱ्यापासून आणि एकदा फरशीच्या लेव्हलपासून. मग एका वहीत प्रत्येक भिंतीचे साधे चित्र काढावे. पाण्याची लाइन निळी, विजेची लाल. बाजूला लिहावे: 'स्वयंपाकघर, पूर्वेची भिंत, दारापासून अमुक इंच, झाकण अमुक इंच.' खाली तारीख, आपले नाव आणि फोन नंबर. एक प्रत मालकाला द्यावी, एक आपल्याजवळ ठेवावी आणि एक छोटी प्रत डीबीच्या दाराच्या आत चिकटवावी.

याला अर्धा दिवस लागतो. पण समजा, सहा वर्षांनी सुतार किचनचे कपाट लावायला आला आणि त्याच्या ड्रिलखाली पाइप फुटला. सुतार म्हणतो, मला कसे कळणार? मालक म्हणतो, प्लंबरने लाइन उथळ टाकली. प्लंबर म्हणतो, गवंड्याने प्लॅस्टर पातळ केले. तिघेही एकाच वस्तीतले, एकाच पंगतीत बसणारे. वही असती तर सुतार आधी पाहून भोक दोन इंच बाजूला घेतला असता आणि हा वाद जन्मलाच नसता. वही कारागिरांना एकमेकांपासून वाचवते. शिवाय ज्या वायरमनची वही डीबीच्या दारावर आहे, दुरुस्तीचे पुढचे काम त्यालाच येते.

महावितरणच्या नव्या जोडणीसाठी परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. आमच्या अनेक हुशार पोरांजवळ हात आहे, पण परवाना नाही. ते काम करतात आणि सही दुसऱ्याची घेतात. अपघात झाला तर दोघेही अडकतात. जेथे मेगर लावलाच नाही तेथे अहवालावर रीडिंग लिहिणे ही खोटी साक्ष आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण करून परवाना काढणे, हाच सरळ मार्ग आहे.

धक्का बसल्यानंतर

धक्का जाणवला की आधी माणसे सांभाळावीत. मग मेन स्विच आणि गॅसचा कॉक बंद करावा. भिंतीवरची भेग नीट पाहावी. बोर्डापासून सरळ वर किंवा नळापासून सरळ खाली जाणारी बारीक रेघ बहुधा झिरीच्या भराची असते. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्यासारखी तिरपी चढणारी भेग भिंतीची असते आणि ती इंजिनिअरला दाखवावी. ती पुट्टीने झाकून रंग देणे म्हणजे मालकाला धोक्यात झोपवणे होय.

पाण्याची लाइन तपासायला सर्व नळ बंद करून रात्री टाकीवर पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि सकाळी पाहावी. पातळी उतरली असेल तर कोठेतरी गळती आहे. विजेसाठी, सप्लाय सुरू केल्यावर आरसीसीबी टिकत नसेल तर तो काढून टाकू नये. तो खरे बोलत आहे. एकेक सर्किट बंद करत दोष शोधावा. टेस्टचे बटण तर महिन्यातून एकदा दाबून पाहावेच. अर्थिंगच्या खड्ड्यातील जोड सैल झाला आहे का, हेही पाहून घ्यावे.

मालातील ऐब झाकून विकू नये, हे आमच्या व्यापारी वाचकांना कोणी नव्याने सांगायला नको. भिंतीच्या कामात तर ऐब झाकण्याचे साहित्यच मिस्त्रीच्या हातात असते: एक थापी आणि घमेलेभर सिमेंट. मालक आत पाहू शकत नाही. त्याने बंद भिंत विश्वासाने आपल्या हवाली केलेली असते. ती अमानत आहे. डहाणू-तलासरीत जमीन पुन्हा हलेल, हे गृहीत धरूनच काम करावे लागेल. त्या दिवशी ज्या भिंतीतील पट्टा अखंड असेल, झिरी मापात असेल आणि आरसीसीबी जागा असेल, त्या घरातील माणसे सुखरूप बाहेर येण्याची आशा जास्त. पुढच्या कामाला निघताना टेप, हातपंप, मेगर आणि एक शंभर पानी वही पिशवीत असू द्या, एवढेच आमचे कारागीर बांधवांना सांगणे आहे.